तांदळाचा डबा, कंपनीची सूचना आणि आपला वैज्ञानिक दृष्टिकोन

फेब्रुवारी २०२४ मध्ये, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या साधारण आठवडाभर आधी, देशातल्या बहुतेक वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी एक बातमी मोठ्या आनंदाने छापली: भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, असे ॲपलनेच सांगितले आहे. तेव्हापासून दर पावसाळ्यात ती बातमी नव्या मथळ्यासह परत येते, आणि तिच्याखाली दर वेळी तेच दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, ‘आमचा फोन तांदळानेच वाचला.’ दुसरा म्हणतो, ‘कंपनीने सांगितले म्हणजे विषय संपला.’ या दोन्ही पक्षांविषयी मला सारखीच तक्रार आहे. त्यांपैकी एकानेही तांदूळ काय करतो आणि पाणी काय करते हा प्रश्न विचारलेला नाही. आजीच्या शब्दाऐवजी कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा शब्द प्रमाण मानला, की आपण विज्ञाननिष्ठ झालो असा समज या देशात फार खोलवर रुजला आहे, आणि विज्ञानाच्या बातम्या देणारी मंडळी तो रोज जोपासत आहेत.

मुळात कंपनीने काय म्हटले होते ते पाहा. ती सूचना बुडालेल्या फोनविषयी नव्हतीच. चार्जिंगच्या खाचेत ओलावा असल्याचा इशारा पडद्यावर आला तर काय करावे, एवढ्यापुरती ती होती. खाच खाली करून फोन हातावर हलकेच आपटा, हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी ठेवा, किमान अर्ध्या तासाने पुन्हा चार्जर लावून पाहा, पूर्ण सुकायला २४ तासही लागू शकतात, बाहेरून उष्णता देऊ नका, दाबाखालची हवा मारू नका, खाचेत कापूस किंवा कागद कोंबू नका. तांदळाला नकार देण्याचे कारण काय दिले होते? तांदळाचे बारीक कण फोनला इजा करू शकतील, एवढेच. तांदूळ पाणी शोषतो की नाही याविषयी त्या वाक्यात एक अक्षरही नाही. तरीही आपल्या मथळ्यांनी त्याचा अर्थ ‘तांदळाचा उपाय खोटा असल्याचे सिद्ध’ असा लावला. सिद्ध कोणी केले, कशाने केले, हे विचारण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

म्हणून ते काम येथे करू. त्यासाठी पदवीच्या पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र पुरते.

तांदळावरचा विश्वास निराधार जन्माला आलेला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते म्हणून मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि तिला अर्थ आहे. तांदूळ आर्द्रताशोषक आहे. पण कोणतीही धान्ये हवेशी एक तह करून राहतात. भोवतालची हवा दमट असेल तर ती ओलावा घेतात, कोरडी असेल तर देतात. साठवणीच्या तांदळात साधारण १२ ते १४ टक्के पाणी असते, आणि अशा तांदळाचा समतोल ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपासच्या सापेक्ष आर्द्रतेशी असतो. म्हणजे बंद डब्यात तांदूळ भरला की आतली हवा फार तर या पातळीपर्यंत कोरडी होईल, त्याखाली नाही. जुलैतल्या मुंबईच्या किंवा कोचीच्या हवेपेक्षा ती जरा बरी, इतकेच. वातानुकूलित खोलीतली हवा सहसा त्याहून कोरडी असते, आणि ती हलतीही असते.

हे हलणे फार महत्त्वाचे आहे. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० मिलिग्रॅम बाष्प धरू शकते. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा असतो. प्लास्टिकच्या पिशवीतल्या लिटरभर हवेत एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, मग फोनमध्ये शिरलेले अर्धा-एक मिलिलिटर पाणी जाणार कुठे? त्याने थोडे थोडे वाफ व्हायचे, अरुंद फटीतून बाहेर यायचे, दाण्यांमधल्या निश्चल हवेतून वाट काढायची आणि मग दाण्याने सवडीने ते शोषायचे. उघड्या फोनवरून पंख्याचा वारा जात असताना मात्र ओली हवा क्षणोक्षणी बाजूला होते आणि तिच्या जागी नवी येते. तांदळाच्या ढिगात फोन पुरणे म्हणजे ओले कपडे दोरीवर घालायचे सोडून धान्याच्या कोठीत कोंबणे होय. कपडे तसे कुणी वाळवत नाही. फोनच्या बाबतीत मात्र आपली बुद्धी रजेवर जाते.

शिवाय पाणी बसते कुठे हेही पाहायला हवे. फोनच्या मंडलफलकावर चिप आणि फलक यांच्यामधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही लहान असते. ०.१ मिलिमीटरच्या फटीतल्या पाण्याला पृष्ठताणामुळे जो केशाकर्षणाचा दाब मिळतो तो सुमारे १४०० पास्कल, म्हणजे १४ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलण्याइतका असतो. फोन कितीही वेळ उलटा टांगला तरी गुरुत्वाकर्षण ते पाणी बाहेर काढू शकत नाही. तांदळाचा दाणा तर त्याला स्पर्शही करत नाही. तो काचेच्या आणि धातूच्या बाहेर बसलेला असतो. बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांनाही हाच आक्षेप लागू आहे. सिलिका जेल तांदळाहून कितीतरी सरस शोषक आहे यात वाद नाही, पण कपाटात वर्षभर उघडी पडलेली पुडी आधीच तृप्त झालेली असते आणि चिपखालच्या पाण्यापर्यंत तिचाही हात पोचत नाही.

आता खरी गोष्ट. फोनचा शत्रू पाणी नाही. शुद्ध पाणी विजेचे अत्यंत मंद वाहक आहे. प्रयोगशाळेतल्या अतिशुद्ध पाण्याची रोधकता १८ मेगओहम-सेंटिमीटरच्या घरात असते. शत्रू आहेत ते पाण्यात विरघळलेले क्षार, आणि त्यांच्या जोडीला फोनमधला विद्युतदाब. पाण्याच्या विघटनाला सिद्धांततः १.२३ व्होल्ट पुरतात. फोनची बॅटरी ३.७ ते ४.२ व्होल्ट देते. क्षारयुक्त पाण्याची पातळ फिल्म दोन जवळच्या वाहिन्यांवर पसरली, की तेथे एक चिमुकला विद्युत अपघटन घट तयार होतो. धन बाजूचे तांबे किंवा कथिल विरघळते, आयन पलीकडे सरकतात आणि ऋण बाजूवर धातूचे तंतू झाडाच्या फांद्यांसारखे वाढू लागतात. ते धन बाजूला टेकले की शॉर्टसर्किट होते. ते टेकले नाहीत तरी धन बाजूची वाहिनी झिजतच असते.

किती वेगाने झिजते? बारावीतला फॅरेडेचा नियम लावून पाहा. गळतीचा प्रवाह केवळ १ मिलिॲम्पिअर धरा, आणि तो सगळा तांबे विरघळवण्यातच खर्ची पडतो असे समजा. (प्रत्यक्षात काही वाटा पाण्याच्या विघटनात जातो, म्हणून ही वरची मर्यादा माना.) तासाभरात सुमारे १.२ मिलिग्रॅम तांबे विरघळेल. आता एक सेंटिमीटर लांब, ०.१ मिलिमीटर रुंद आणि ०.०२ मिलिमीटर जाड अशी तांब्याची वाहिनी घ्या. तिचे संपूर्ण वस्तुमान भरते ०.१८ मिलिग्रॅम. म्हणजे नऊ मिनिटांत ती नाहीशी होऊ शकते. प्रत्यक्षात लागणारा वेळ याच्या दसपट असो वा शतपट, ‘रात्रभर तांदळात ठेवा’ या सल्ल्याची किंमत या आकड्यावरून कळावी. आपण सुकण्याची वाट पाहत असतो आणि आत रसायनशास्त्र आपले काम उरकत असते.

‘पण फोन बंद केला होता,’ असे कोणी म्हणेल. बंद करणे आवश्यकच आहे, पण पुरेसे नाही. जुन्या फोनची पाठ नखाने उघडून बॅटरी बाहेर काढता येत असे. आजच्या फोनची बॅटरी आत चिकटवलेली असते आणि पडदा काळा झाला तरी ती मंडलाला जोडलेलीच राहते. पुरवठ्याच्या मुख्य वाहिन्यांवर विद्युतदाब तसाच असतो. त्यामुळे बंद फोनमध्येही क्षरण चालूच राहते.

समुद्राच्या पाण्याबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण जुहूपासून पुरीपर्यंत आणि मरीनापासून कोवळमपर्यंत लाटेत उभे राहून छायाचित्रे काढणे हा आता राष्ट्रीय छंद झाला आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोन थेंब आत शिरले आणि पूर्ण वाळले, तरी साडेतीन मिलिग्रॅम मीठ मागे राहते. साधे मीठ ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतलेच पाणी ओढून विरघळते. समुद्री मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या वरच तसे करते. बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने. म्हणजे किनारपट्टीच्या हवेत समुद्रात पडलेला फोन कधी ‘वाळत’च नाही. आपण वाळवतो आणि हवा तो पुन्हा भिजवते. तांदळाने वाचलेला फोन तीन आठवड्यांनी अकस्मात मरतो, तेव्हा त्या मृत्यूचा दोष तांदळाला कोणी देत नाही. ‘जुनाच होता’ असे म्हणून आपण नवा घेतो. होळीचे रंगीत पाणी, साखर-दुधाचा चहा, पुराचे गढूळ पाणी यांनाही थोड्याफार फरकाने हाच न्याय आहे. पाणी उडून जाते आणि जे उरते ते घात करते.

मग तांदळाने फोन वाचल्याच्या एवढ्या कहाण्या कुठून येतात? त्या खोट्या नाहीत. बहुतेक वेळा आत गेलेले पाणी नगण्य असते आणि फोन टेबलावर पडून राहिला असता तरी वाचला असता. तो तसा ठेवून तुलना कोणी करत नाही, कारण दोन सारखे फोन सारखेच भिजवून पाहण्याची ऐपत आणि इच्छा कोणाजवळ असणार? ज्यांचे फोन मेले ते लोक कहाण्या सांगत फिरत नाहीत. तांदळाची एक खरी सेवा मात्र मान्य करतो: फोन डब्यात गेल्यामुळे मालक तो दर पाच मिनिटांनी चालू करून पाहत नाही. तांदूळ पाण्याला नव्हे, पण माणसाला आवर घालतो.

हे तपासायला फोन भिजवण्याची गरजही नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू असतोच. स्पंजचे तीन सारखे तुकडे घ्या, प्रत्येकात एक मिलिलिटर पाणी सोडा आणि ते झाकणाला एकच छिद्र असलेल्या तीन डब्यांत ठेवा. एक डबी तांदळात पुरा, दुसरी तशीच टेबलावर ठेवा, तिसरी पंख्यासमोर ठेवा. दर तासाला वजन करा. मग एका तुकड्यात मिठाचे पाणी घालून हेच पुन्हा करा, आणि शहरातली आर्द्रता रोज लिहून ठेवा. कोणत्या डबीचा आलेख सर्वांत तीव्र उतरेल याविषयी वरच्या परिच्छेदांतून तुमचे भाकीत आधीच तयार झालेले असेल; ते चुकते का हे पाहणे हीच तर मौज आहे. हा प्रयोग एका दुपारी करून त्याचा आलेख छापणे देशातल्या कोणत्याही वृत्तवाहिनीला सहज शक्य होते. त्याऐवजी आपल्याला निवेदकाचा चकित चेहरा आणि तांदळाच्या पिशवीचे छायाचित्र मिळाले.

घरी काय करावे हे आता थोडक्यात. चार्जिंग चालू असताना फोन भिजला असेल, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करा. फोन ताबडतोब बंद करा आणि पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळा. चार्जर लावू नका. कव्हर आणि सिमकार्डाची ट्रे काढा, बाहेरचे पाणी सुती कापडाने टिपा, खाच खाली करून हलकेच आपटा. मग पंख्यासमोर किंवा वातानुकूलित खोलीत, खाचेवरून वारा जाईल असा ठेवा. केस वाळवण्याचे यंत्र, इस्त्री, गॅसची शेगडी, तळपते ऊन यांपैकी काहीही नको. लिथियम-आयन बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करणेही वर्ज्य मानतात आणि उन्हातला काळा फोन ती मर्यादा सहज ओलांडतो. जलरोधासाठी लावलेला डिंकही उष्णतेने मऊ पडतो. फोन फुगला, तापला किंवा विचित्र वास येऊ लागला, तर तो उशाशी वा अंथरुणावर ठेवू नका, आणि टोचू तर मुळीच नका.

आणि पाणी खारे, गोड वा गढूळ असेल, किंवा फोन पूर्ण बुडाला असेल, तर घरगुती उपाय येथेच संपतात. तो काही तासांत उघडणाऱ्या माणसाकडे न्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे गफ्फार मार्केट आणि नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट येथले कारागीर जे करतात ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. ते आधी बॅटरी मंडलापासून सोडवतात, म्हणजे अपघटन थांबते. मग फलक आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी असल्याने ते चिपखालच्या फटीत शिरते, पाण्यात मिसळते, त्याला घेऊन बाहेर येते आणि लवकर उडते. गरज पडली तर श्राव्यातीत कंपनांच्या टाकीत क्षार सुटे करतात. या मंडळींपैकी अनेकांनी महाविद्यालयाची पायरी चढलेली नसेल. पण भिजलेल्या फोनविषयी त्यांचे ज्ञान त्या आठवड्यातल्या साऱ्या मथळ्यांपेक्षा अधिक वैज्ञानिक आहे, आणि त्यांची मते विचारायला एकही कॅमेरा त्या गल्ल्यांत गेलेला मी पाहिला नाही.

येथे मी कंपन्यांकडे वळतो, कारण तांदळाच्या विनोदात ही बाजू सोयीस्करपणे झाकली जाते. जाहिरातीत फोन तलावात पडतो, पावसात नाचतो. खोक्यावर आयपी ६७ किंवा आयपी ६८ असे लिहिलेले असते. ही वर्गवारी आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येते. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे; आयपी ६८ मध्ये खोली आणि वेळ उत्पादक स्वतः सांगतो. चाचणी होते नव्या फोनवर, गोड्या, स्थिर पाण्यात. दोन वर्षे खिशात वाकलेला, एकदा जमिनीवर आपटलेला, डिंक सैल पडलेला फोन त्या चाचणीला बसत नाही. आणि आत बसवलेली पांढरी पट्टी पाण्याच्या स्पर्शाने लाल झाली, की सेवाकेंद्रातला माणूस ती दाखवून वॉरंटी नाकारतो. पाण्याला दाद देत नाही म्हणून विकायचे आणि पाणी शिरले म्हणून हात झटकायचे, हा व्यवहार इतर देशांनी मुकाट्याने सोसलेला नाही. इटलीच्या स्पर्धा नियामकाने नोव्हेंबर २०२० मध्ये अशा दाव्यांवरून ॲपलला एक कोटी युरोचा दंड केला. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला लावले, कारण जाहिरातींत फोन समुद्रात आणि तरणतलावात मिरवले होते आणि तसा वापर चार्जिंगच्या खाचेला घातक होता.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केले, आणि मे २०२५ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकाचा अहवाल त्या विभागाकडे आला. हे स्वागतार्ह आहे. पण भिजलेल्या फोनपुरती माझी मागणी याहून साधी आणि अधिक भौतिक आहे: बॅटरी मंडलापासून तोडता येईल अशी सोय, जी वापरणाऱ्याला साध्या पेचकसाने करता येईल. तेवढ्याने क्षरणाचे मूळ कारण मिनिटभरात नाहीसे होते. फोन पातळ राहावा म्हणून हे अशक्य आहे, असे उत्तर मिळते. जलरोध आणि सुटी होणारी बॅटरी एकत्र नांदू शकत नाहीत, असेही ऐकवले जाते. परंतु सॅमसंगचा गॅलेक्सी एस ५ हा २०१४ सालचा फोन आयपी ६७ होता आणि त्याची पाठ हाताने उघडून बॅटरी काढता येत असे.

हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न नाही. या देशात फोन म्हणजे बँकेचे खाते आहे, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा सांकेतिक क्रमांक आहे, परीक्षेचे प्रवेशपत्र आहे, रोजंदारीवर जाणाऱ्याला मुकादमाचा निरोप आहे. पुरात घर गेलेल्या माणसाला मदतीची रक्कम जमा झाल्याचे कळते तेही फोनवरच. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा भिजलेला फोन म्हणजे तुटलेला संपर्क होता. आज तोच फोन भिजला तर माणसाची ओळखच लटकते. चेन्नई, केरळ, सांगली-कोल्हापूर यांनी त्यानंतर पूर पाहिले आहेत. अशा वेळी सरकारी आपत्तीसूचनांमध्ये ‘विजेच्या खांबांना हात लावू नका’ याच्या शेजारी ‘भिजलेला फोन चालू करू नका, चार्ज करू नका, लवकर उघडून घ्या’ ही ओळ असायला किती खर्च येईल?

संविधानाच्या अनुच्छेद ५१-क ने १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. त्याचे पालन आपण बहुधा दुसऱ्याच्या अंधश्रद्धेला हसून करतो. तांदळाला हसणाऱ्यांपैकी किती जणांना केशाकर्षण आठवले, किती जणांनी फॅरेडेचा नियम लावून पाहिला? आणि कंपनीने उद्या सूचना बदलून ‘तांदूळ चालेल’ असे लिहिले, तर ते काय म्हणतील? खाली टिप्पण्यांत स्वतःच्या वाचलेल्या फोनची कथा लिहिणाऱ्यांचे स्वागतच आहे. फक्त पाणी कोणते होते, फोन किती वेळात बंद केला आणि तो त्यानंतर किती महिने चालला, हेही लिहा.